अष्टूर : बेदरच्या बहमनी सुलतानांच्या गावी

शुक्रवार : उदगीर ते बीदर

आमच्या घरातल्या जुन्या कागदांवर 'तालुका उदगीर, जिल्हा बीदर' असा पत्ता आहे. १९५६ साली हैदराबाद संस्थानाचे तुकडे झाले, तेव्हा उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मराठवाड्यात आले आणि बीदर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. तेव्हापासून बीदर आमच्यासाठी परमुलुख झालं, तो आजतागायत. लातूर-उदगीरची माणसं हम्पीला जातात, विजापूरला जातात, गोलघुमटात टाळ्या वाजवून येतात. पण गाडीने दोन तासांच्या आत असलेलं बीदर बघायचं राहून जातं. आणि जे बीदरला जातात, तेही गुरुद्वारा आणि किल्ला करून परततात. शहराबाहेर तीनेक किलोमीटरवर अष्टूर नावाचं खेडं आहे आणि तिथे बहमनी सुलतानांचे मकबरे ओळीने उभे आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. यावेळी आम्ही मुद्दाम अष्टूरसाठीच निघालो.

सोबत माझी मैत्रीण होती. ती कॉलेजात उर्दू शिकवते, फारसीही बऱ्यापैकी वाचते. अष्टूरच्या भिंतींवर काय लिहिलंय ते डोळ्यांनी वाचायचं, असं तिच्या मनात कित्येक दिवसांपासून होतं.

उदगीर सोडलं की गाडी कमलनगर, भालकी अशी जाते. फलाटावरच्या पाट्या कन्नड होतात, पण डब्यातलं बोलणं भालकीपर्यंत मराठीच असतं. जानेवारीचे दिवस. तुरीची काढणी चाललेली, हरभरा घाट्यांवर आलेला, जमीन काळीभोर. मग बीदरच्या अलीकडे गाडी चढणीला लागते आणि मातीचा रंग बदलतो. काळी संपते, तांबडी सुरू होते. बीदर जांभ्या दगडाच्या पठारावर वसलंय. कोकणातल्या माणसाला ओळखीचा वाटेल असा हा तांबडा, छिद्राछिद्रांचा दगड भर दख्खनमध्ये, समुद्रापासून इतका लांब बघून नवल वाटतं. सुलतान अहमदशहाने गुलबर्ग्याहून राजधानी इथे का आणली याची कारणं अनेक सांगतात, पण इथली थंड हवा, उंचावरची जागा आणि पठाराच्या पोटातलं पाणी पाहिलं की निम्मं उत्तर मिळतं.

दुपारी खोलीवर सामान टाकून आधी महमूद गावानचा मदरसा गाठला. जुन्या गावाच्या मधोमध चौबारा म्हणून एक गोल बुरूज आहे. तिथून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच हा मदरसा लागतो. भोवती दुकानं, दुचाक्या, शाळेतून घरी निघालेली पोरं, आणि मधेच ही तीनमजली इमारत. पूर्वेच्या दर्शनी बाजूला दोन मिनार होते, त्यातला उत्तरेकडचा एकच उरलाय. सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि दुसरा मिनार, प्रवेशद्वार, दर्शनी बाजूचा मोठा भाग सगळं कोसळलं. त्यामुळे आज आपण मदरशात दारातून शिरत नाही, जखमेतून शिरतो.

उरलेल्या मिनारावर रंगीत कौलांच्या, म्हणजे झिलई दिलेल्या टाइलांच्या, तुकड्यांची नागमोडी नक्षी आहे. निळा, हिरवा, पिवळा, पांढरा. पाचशेपन्नास वर्षांच्या पावसाळ्यांत बरीच कौलं गळून गेली, पण जी आहेत ती उन्हात अजून ओली असल्यासारखी चमकतात. वरच्या अंगाला निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत कुराणातल्या आयतींचा पट्टा आहे. अशी इमारत खुरासाणात, समरकंदात शोभावी. ती इथे आहे, कारण बांधणारा तिकडचाच. महमूद गावान इराणातल्या गीलानचा. १४५३ मध्ये व्यापारी म्हणून दख्खनमध्ये आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. १४७२ मध्ये हा मदरसा पुरा झाला. विद्यार्थ्यांसाठी छत्तीस खोल्या, शिक्षकांची घरं, मशीद आणि तीन हजार हस्तलिखितांचं ग्रंथालय. त्याच १४७२ मध्ये त्याने गोवा जिंकून घेतला होता. कोकणात संगमेश्वर आणि खेळणा, म्हणजे आपला विशाळगड, इथल्या त्याच्या मोहिमा मराठी इतिहासात येतात. मदरसा मात्र येत नाही.

मैत्रीण खोल्यांमधून फिरत राहिली. प्रत्येक खोलीला भिंतीत कोनाडे आहेत, पुस्तकं ठेवायला असावेत असे. एका कोनाड्याच्या खालच्या कडेचा चुना घासून गुळगुळीत झालेला होता. ती तिथे वाकून बराच वेळ बघत होती. "कोणाची तरी कोपरं इथे टेकली असतील, रोज," एवढंच म्हणाली.

याच सुमारास अफानासी निकितिन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी बीदरमध्ये होता. तो चौलला उतरला, जुन्नरला पावसाळा काढला आणि तिथून इकडे आला. त्याने लिहून ठेवलंय की इथे सरदार चांदीच्या पालख्यांतून फिरतात आणि खेड्यातली माणसं मात्र फार हलाखीत असतात. मदरशाच्या वैभवापुढे उभं राहताना हे वाक्य मी मुद्दाम आठवत होते. दोन्ही खरं होतं, एकाच वेळी.

संध्याकाळी चौबाऱ्याजवळ सुसला आणि मिरचीभजी खाल्ली. बाजूच्या गल्लीत बिदरी कामाची दुकानं आहेत, तिथे थोडा वेळ बसलो. जस्त आणि थोडं तांबं यांच्या मिश्रधातूवर छिन्नीने नक्षी कोरायची, खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची आणि मग किल्ल्यातली माती पाण्यात कालवून तिने भांडं घासायचं. मातीत क्षार असतात, त्यांनी धातू काळाकुट्ट होतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. कारागीर किल्ल्यातल्या जुन्या, ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची माती जिभेवर ठेवून पारखतात. आमच्यासमोर एकाने चिमूटभर माती तोंडात टाकली, क्षणभर थांबला आणि मान हलवली. माती चांगली होती.

शनिवार : चौखंडी आणि अष्टूर

सकाळी लवकर रिक्षा ठरवली. रिक्षावाले काका दख्खनी बोलत होते, मधूनच कानडी, मधूनच आमच्यासाठी मराठी. "अष्टूर जारें? तो पहिले चौखंडी देखो अक्का, रस्ते में हैच," असं म्हणून त्यांनीच बेत आखला आणि तो उत्तम होता. चौखंडी आधी पाहिली नाही तर अष्टूरच्या मकबऱ्याच्या भिंती अर्ध्याच कळतात.

चौखंडी म्हणजे शाह खलीलुल्लाह यांचा मकबरा. याची गोष्ट अशी. अहमदशहा बहमनी हा सूफींचा भक्त. आधी गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांच्यावर त्याची श्रद्धा होती; ते १४२२ मध्ये गेले. मग त्याने इराणात किरमानजवळच्या माहान गावी राहणाऱ्या शाह नेमतुल्लाह वलींना निरोप धाडला की दख्खनला या. ते स्वतः आले नाहीत, आपल्या नातवाला पाठवलं. १४३१ मध्ये नेमतुल्लाह वारले, तेव्हा त्यांचे चिरंजीव खलीलुल्लाह बीदरला आले आणि इथलेच झाले. तिकडे माहानमध्ये नेमतुल्लाहांच्या समाधीवर जी इमारत उभी राहिली, ती बांधवली बीदरच्या या सुलतानाने. आज माहानची दर्गा इराणमधल्या देखण्या जागांपैकी एक आहे आणि तिच्या मुळाशी बीदरच्या खजिन्यातला पैसा आहे.

उंचवट्यावर अष्टकोनी भिंत, दुमजली कमानींची. चौखंडीच्या या भिंतीला वर छप्पर नाही. आत मोकळं आकाश आणि मधोमध चौकोनी दालन. हे आठ बाजूंचं कवच आणि आतला चौकोन यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून आम्ही एक फेरी मारली. सावली आणि ऊन पट्ट्यापट्ट्यांनी येत होतं. पण खरं बघण्यासारखं आहे ते आतल्या दालनाचं दार. काळ्या कातळाची चौकट, तिच्यावर पिळलेल्या दोरासारखी कोरीव कड, आणि वर अक्षरांची पट्टी. सुलुस वळणाची अक्षरं, मागे वेलींची गुंतागुंत. उभ्या रेघा भाल्यांसारख्या ताठ उंच गेलेल्या, आणि आडव्या रेघा त्यांच्यामधून नाव वल्हवत जावी तशा वाहत गेलेल्या. मैत्रिणीने खालून वाचायला सुरुवात केली. अक्षरं एकावर एक चढवलेली असतात, म्हणून आधी शब्द सुटे करावे लागतात. बोट हवेत फिरवत ती एकेक शब्द उचलत होती. हे लिहिणाराचं नाव मुगीस अल-कारी, शिराझचा. अक्षर लिहिलं शिराझच्या माणसाने, पण इतका टणक दगड चिरून त्यात ते उतरवणारे हात कुठले? दख्खनच्या पाथरवटांशिवाय काळ्या कातळावर असं काम कोणाला जमणार? त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. अजिंठा-वेरूळच्या मुलखात राहून आपण हे ओळखायला हवं, असं मला फार वाटतं.

तिथून अष्टूर जवळच. रस्ता उताराचा, दोन्हीकडे शेतं. आणि मग एका वळणावर घुमट दिसायला लागतात. एक, दोन, चार, मग सगळी रांग. तुरीच्या पेंढ्या रचलेल्या शेताच्या कडेला, कुंपणापलीकडे, एक अख्खं राजघराणं झोपलेलं आहे.

आम्ही थेट अहमदशहा वलीच्या मकबऱ्याकडे गेलो. १४२२ ते १४३६ ही याची कारकीर्द. त्याला वली, म्हणजे संत, का म्हणतात याची कथा फिरिश्ता या इतिहासकाराने दिली आहे. कारकिर्दीच्या सुरुवातीला मोठा दुष्काळ पडला. पाऊस येईना. तेव्हा सुलतान एकटा टेकडीवर गेला, जमिनीवर डोकं टेकून त्याने दुवा मागितली आणि ढग भरून आले. दुष्काळ काय असतो हे मराठवाड्यात वेगळं सांगावं लागत नाही. पाऊस आणणारा राजा लोकांनी संत मानला यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही.

बाहेरून मकबरा भव्य पण साधा आहे. कमानींच्या ओळी, वर मोठा घुमट. आत शिरलं की पहिल्यांदा काहीच दिसत नाही. मिट्ट काळोख, वटवाघळांचा वास, गार फरशी. तिथले मुजावर चाचा आमच्यामागून आले. त्यांनी आम्हाला जरा थांबायला सांगितलं, स्वतः दाराबाहेर उन्हात गेले आणि हातातला आरसा तिरका धरला. उन्हाचा एक लख्ख तुकडा काळोखातून घुमटात जाऊन पडला.

वर शेंदरी रंग होता. गर्द शेंदरी, त्यावर सोन्याच्या रेघा. चाचांनी आरसा हळूहळू हलवला तसा निळा आला, मग काळ्यावर सोनेरी अक्षरं, मग वेलबुट्टी, मग चक्राकार नक्षी, जिच्यात एकच नाव पुन्हा पुन्हा गुंफलेलं. इराणी हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर जे सोनेरी काम असतं, तेच इथे घुमटभर पसरलंय. फरक एवढाच की पान हातात धरता येतं आणि इथे मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. रंग पंधराव्या शतकातले आहेत. कित्येक ठिकाणी ते उडालेत, ओल आलीय, तरी जे उरलंय ते बघून मैत्रीण अक्षरशः खाली बसली.

या चित्रकाराचं नाव माहीत आहे, शुक्रुल्लाह कझवीनी. हाही इराणी. त्याने भिंतींवर नेमतुल्लाहांच्या फारसी ओळी लिहिल्या आणि दोन शिजरे लिहिले. शिजरा म्हणजे गुरुपरंपरेची वंशावळ. कोणी कोणाकडून दीक्षा घेतली त्याची साखळी. आपल्याकडे आदिनाथ, मच्छिंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानदेव अशी परंपरा सांगतात, त्याच प्रकारची. एक शिजरा नेमतुल्लाही पंथाचा, दुसरा कादिरी पंथाचा. मैत्रीण पट्टीवरची नावं मोठ्याने वाचत होती, चाचा आरसा तिच्या वाचनाच्या वेगाने सरकवत होते. कुठे अडली की उजेड थांबायचा. पुढचं नाव सापडलं की पुढे सरकायचा. दोघांची ओळख नव्हती, फारसं बोलणंही झालेलं नव्हतं, पण अर्धा तास हे काम दोघांनी मिळून केलं.

मधल्या कबरीवर चादर होती, ताजी फुलं होती. आणि कबरीजवळ नारळाच्या करवंट्यांचे तुकडे. मी विचारायच्या आधीच चाचा म्हणाले, "जतरा होती ना यहाँ. हमारे लिए अहमदशाह वली, उनके लिए अल्लमप्रभू." होळीनंतर इथे जत्रा भरते. ती हिजरी तारखेने नाही, आपल्या पंचांगाने ठरते. गुलबर्ग्याकडच्या मध्याळ गावाहून लिंगायत जंगमस्वामी शिष्यांसह चालत येतात, शंख फुंकत मकबऱ्यात प्रवेश करतात, कबरीवर फुलं वाहतात, नारळ फोडतात. बाराव्या शतकात बसवकल्याणच्या अनुभवमंटपात, म्हणजे बसवेश्वरांच्या धर्मसभेत, ज्यांचं स्थान सर्वांत वरचं होतं, ते अल्लमप्रभू. त्यांचा अवतार म्हणून लिंगायत भक्त या सुलतानाला पूजतात. बसवकल्याण इथून जवळच, त्याच जिल्ह्यात.

मी हे आधी वाचलेलं होतं. पण छतावर सूफी शिजरा आणि खाली करवंट्यांचे तुकडे असं एकाच आरशाच्या उजेडात बघणं वेगळं. आणखी एक गोष्ट तिथे उभं राहिल्यावर लक्षात आली. अष्टूरच्या सगळ्या मकबऱ्यांमध्ये आतले रंग सर्वांत जास्त इथेच टिकलेत. पुरातत्त्व खात्याचं काम आहेच, पण त्याआधीची शेकडो वर्षं या जागेला कोणीतरी दिवा लावत होतं, झाडत होतं, दार बंद करत होतं.

शेजारी त्याचा मुलगा अलाउद्दीन याचा मकबरा. १४३६ ते १४५८. याने बीदरला दवाखाना काढला, त्याच्या खर्चाला गावं तोडून दिली आणि तिथे हकीम आणि वैद्य दोघांनाही नेमलं. मकबऱ्याच्या दर्शनी भागावर काळ्या दगडाच्या कोरीव पट्ट्यांमध्ये रंगीत कौलं बसवलेली होती. त्यांतली थोडी शिल्लक आहेत. जवळ जाऊन पाहिलं तर एकेक पान, एकेक पाकळी वेगवेगळ्या तुकड्यांची आहे. भाजलेली कौलं कापून, घासून, एकमेकांत बसवलेली. सांध्यात नख जाणार नाही. जिथे कौल गळलंय तिथे मागच्या चुन्यात त्याचा ठसा राहिलाय, त्यामुळे रंग गेला तरी नक्षी वाचता येते.

मग हुमायूनचा मकबरा. जेमतेम साडेतीन वर्षांची कारकीर्द, १४५८ ते १४६१, पण इतिहासात नाव राहिलं ते 'जालीम' म्हणून. याच्या मकबऱ्यावर वीज पडली आणि घुमट उभा चिरला. निम्मा खाली आला, निम्मा अजून हवेत लटकलेला वाटावा असा उभा आहे. लोक त्यात दैवी न्याय बघतात. रिक्षावाल्या काकांनीही तो सांगितला. मला मात्र तिथे उभं राहून बांधकाम बघण्यात जास्त रस होता. अख्ख्या घुमटात जे कधी दिसत नाही ते इथे उघडं पडलंय: भिंतीची जाडी किती, चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवण्यासाठी कोपऱ्यातून कमानी कशा उचलल्या, वीटकाम वर जाताना आत कसं झुकत गेलं. वास्तुकला शिकणाऱ्या पोरांना इथे आणून बसवलं पाहिजे.

पुढे निजामशहा, तो पोर वयातच गेला. त्याचा मकबरा अर्धवट. आणि त्याच्या पुढे तिसरा मुहम्मदशहा, त्याचाही अपुराच, घुमट चढलाच नाही. याच मुहम्मदशहाने महमूद गावानला मारलं. ती गोष्ट मी उद्यासाठी ठेवते.

शेवटी महमूदशहाचा मोठा मकबरा आहे. तो छत्तीस वर्षं गादीवर होता, १४८२ ते १५१८, पण सत्ता त्याच्या हातात नव्हती. कासीम बरीद आणि त्याचा मुलगा अमीर बरीद कारभार चालवत. आणि त्यानंतरच्या नावापुरत्या सुलतानांच्या कबरी, वलीउल्लाह, कलीमुल्लाह. बुटक्या, ओबडधोबड, आपल्याकडच्या गावाबाहेरच्या एखाद्या लहान समाधीएवढ्या. अहमदशहाच्या शेंदरी-सोनेरी घुमटापासून इथपर्यंत चालत यायला काही मिनिटं पुरतात. बहमनी राज्याचा उदय, भर आणि ओहोटी समजून घ्यायला कुठलंही पुस्तक या चालण्याची बरोबरी करणार नाही.

दुपारी एका झाडाखाली बसून घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगाची चटणी खाल्ली. चाचांनी पाणी आणून दिलं.

रविवार : गोरनळ्ळी, किल्ला आणि परत

महमूद गावानची कबर अष्टूरला नाही. तो सुलतान नव्हता. बीदरच्या दक्षिणेला गोरनळ्ळी नावाचं खेडं आहे, तिथे त्याला पुरलं. सकाळी आधी तिकडे गेलो. एक साधा चबुतरा, वर कबर. घुमट नाही, रंग नाही, कौलं नाहीत. ज्याने मदरशाचा तो मिनार उभा केला त्याच्या डोक्यावर काही नाही.

त्याला का मारलं? बहमनी दरबारात दोन तट होते. इराण, तुर्कस्तान, अरबस्तानातून आलेले ते आफाकी. इथे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेले मुसलमान, बाटलेले हिंदू आणि हबशी ते दख्खनी. अहमदशहाने बाहेरच्यांना बोलावलं, मान दिला, आणि तेव्हापासून चुरस पेटली. गावान आफाकी असूनही दोघांना सांभाळून होता. पण त्याने राज्याच्या चार सुभ्यांचे आठ केले. आपल्याकडचे गाविलगड, माहूर, दौलताबाद आणि जुन्नर हे त्यातलेच चार. सुभेदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला, बाकीचे सुलतानाकडे घेतले, जमिनीची मोजणी लावली. सुभेदारांचे हात बांधले गेले. दख्खनींचा म्होरक्या होता निजामुल्मुल्क मलिक हसन बहिरी. फिरिश्ता सांगतो की हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला. याच्याच मुलाने पुढे अहमदनगरची निजामशाही स्थापली. गावानचा शिक्का ज्याच्या ताब्यात होता त्याला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला आणि त्यावर ओडिशाच्या गजपती राजाला लिहिल्यासारखं फितुरीचं पत्र लिहिलं. सुलतानाने शहानिशा न करता हुकूम दिला. ५ एप्रिल १४८१. गावान सत्तरीच्या पुढे होता.

मुहम्मदशहा पोर असताना ज्या वजिराने राज्य सांभाळलं, त्यालाच त्याने मारलं. एका वर्षात, तिशीच्या आत, सुलतानही गेला. गावान माझं काळीज फाडतोय असं ओरडत गेला, असं फिरिश्ता लिहितो. अष्टूरचा तो घुमट न चढलेला मकबरा काल पाहिला होता, म्हणून गोरनळ्ळीच्या उघड्या कबरीजवळ मला राहवलं नाही. मी तिथे बराच वेळ बसले. राज्य पुढे पाच तुकड्यांत फुटलं, त्याची पहिली चीर इथली आहे, असं माझं ठाम मत आहे. अष्टूरच्या भिंतीवर शिराझ, कझवीन आणि दख्खन एकत्र नांदले. दरबारात त्यांना नांदता आलं नाही.

किल्ल्याला पुरेसा वेळ दिला नाही हे खरं, पण त्यावर लिहिलेलं पुष्कळ मिळतं. कातळ खोदून केलेला तिहेरी खंदक बघाच. सोळा खांबांची मशीद १४२३-२४ ची, म्हणजे राजधानी नवी होती तेव्हाची. रंगीन महालाला कुलूप असतं. आतल्या कचेरीत सांगितलं की कोणीतरी किल्ली घेऊन येतं. तिथे काळ्या दगडात शिंपले जडवून केलेलं काम आहे, बहमनींनंतर इथे राज्य केलेल्या बरीद घराण्यातल्या अली बरीदच्या काळचं. मैत्रीण त्या भिंतीवरच्या ओळी वाचत असताना मला आजीच्या तोंडची दामाजीपंतांची गोष्ट आठवत होती. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार लोकांसाठी उघडलं, आणि विठू महार होऊन पांडुरंगाने धान्याचे पैसे भरले ते याच बेदरच्या दरबारात. कीर्तनातलं 'बेदर' आणि हा किल्ला एकच, हे लहानपणी कधी कोणी सांगितलं नाही.

अली बरीदचा मकबरा गावाच्या पश्चिमेला, आता बागेत आहे. चारही बाजूंना मोकळ्या कमानी, आत गुळगुळीत काळ्या दगडाची कबर, आणि वर कौलांत लिहिलेल्या अत्तार या फारसी कवीच्या ओळी. तिथे माणसं फिरायला येतात, मुलं क्रिकेट खेळतात. संध्याकाळचं तिरपं ऊन कमानींतून आरपार जात होतं.

जाणार असाल तर अष्टूरला सकाळीच जा, कारण आरशाने उजेड टाकायला ऊन बाहेर दाराशी असावं लागतं. चौखंडी आधी, मकबरे नंतर, हा क्रम ठेवा. घाईने फोटो काढून निघू नका. मुजावरांना वेळ द्या, तेही देतात. होळीनंतर गेलात तर जत्रा मिळेल.

परतीच्या गाडीत मैत्रीण वही काढून बसली होती. कादिरी शिजऱ्यातली नावं तिने जुळवली, पण नेमतुल्लाहांच्या एका ओळीतले दोन शब्द ओलीने पुसले गेलेत, ते लागत नाहीत. ती ओळ तिने हैदराबादच्या आपल्या फारसीच्या सरांना भालकी यायच्या आत पाठवून दिली. जत्रेला पुन्हा जायचं ठरलं आहे. तोवर त्यांचं उत्तर येईल.